डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांची विक्री आणि शासकीय नियमन : कायदा, व्यवहार आणि मर्यादा

प्रस्तावना :

तालुक्याच्या कोणत्याही गावी संध्याकाळच्या वेळी औषधांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. गिऱ्हाईक येते आणि आजाराचे वर्णन करते, किंवा गोळीचे रिकामे पाकीट पुढे करून 'याच्यातल्या चार द्या' असे म्हणते. दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. चिठ्ठी कोणी मागत नाही, बिल कोणी घेत नाही. अर्ध्या मिनिटात व्यवहार पूर्ण होतो. त्या पट्टीच्या कापून गेलेल्या भागावर मात्र बारीक अक्षरांत एक इशारा छापलेला असतो. हे औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्रीस नाही, असा त्याचा आशय असतो. कायदा गोळीच्या पाठीवर छापलेला आहे आणि त्याच गोळीची विक्री कायद्याकडे पाठ फिरवून होत आहे, अशी ही स्थिती आहे.

औषध ही वस्तू बाजारातील इतर वस्तूंपेक्षा मुळातच वेगळी होय. कापड किंवा धान्य घेताना ग्राहक डोळ्यांनी, हातांनी पारख करू शकतो. औषधाच्या बाबतीत ते शक्य नसते. गोळीत काय आहे, ती आपल्याला लागू आहे की नाही, किती घ्यावी आणि कधी थांबवावी, यांपैकी एकही गोष्ट रुग्णाला स्वतः ठरविता येत नाही. ज्याला निवड करावयाची त्याला ज्ञान नाही आणि ज्याला ज्ञान आहे तो पैसे देत नाही, अशा या व्यवहारात राज्यसंस्थेने मध्यस्थी करणे अपरिहार्य ठरते. ही मध्यस्थी कशी केली जाते आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखक औषधनिर्माणशास्त्राचा नव्हे, तर लोकप्रशासनाचा अभ्यासक आहे. त्यामुळे औषधांच्या गुणधर्मांपेक्षा त्यांच्याभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेवर येथे भर दिला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) चिठ्ठीवरील औषधे ही संकल्पना कशी विकसित झाली ते पाहणे.
२) भारतातील औषधविक्रीच्या नियमनाची कायदेशीर रचना समजून घेणे.
३) या रचनेची अंमलबजावणी आणि तिच्या मर्यादा यांची चर्चा करणे.

'चिठ्ठीवरील औषध' या संकल्पनेचा उगम :

एकोणिसाव्या शतकापर्यंत जगातील बहुतेक देशांत औषध आणि विष यांच्यातील भेद कायद्याने फारसा केलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने काही विषारी द्रव्यांची विक्री नोंदणीकृत व्यक्तींपुरती मर्यादित केली. तेथील सुरुवात विषापासून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जे मारू शकते ते कोणी विकावे, एवढाच तेव्हा प्रश्न होता. जे बरे करते तेही नियंत्रित असावे, हा विचार पुढचा आहे.

या विचाराला गती दिली ती दुर्घटनांनी. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइड हे जंतुविरोधी औषध पातळ स्वरूपात देण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परिणामी १९३८ मध्ये औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखविणे कायद्याने बंधनकारक झाले. मात्र कोणते औषध चिठ्ठीवर आणि कोणते चिठ्ठीशिवाय द्यावयाचे, हे ठरविणे पुष्कळ अंशी उत्पादकांवरच सोडलेले होते. एकाच द्रव्याला एक कारखानदार चिठ्ठीचे बंधन घाली, तर दुसरा ते खुले विकी. हा गोंधळ १९५१ च्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने संपविला. ज्यांची नावे या दुरुस्तीला मिळाली त्या दोन्ही लोकप्रतिनिधींना औषधविक्रीच्या व्यवसायाचा प्रत्यक्ष अनुभव होता, हे विशेष. ब्रिटनमध्ये १९६८ च्या औषधे कायद्याने तीन वर्ग केले : केवळ चिठ्ठीवर मिळणारी औषधे, चिठ्ठीशिवाय परंतु फार्मासिस्टच्या देखरेखीखाली मिळणारी औषधे आणि सर्वसाधारण दुकानांतूनही मिळणारी औषधे. यांतील मधला वर्ग महत्त्वाचा आहे. डॉक्टर आणि सामान्य दुकानदार यांच्यामध्ये एक तिसरी जाणकार व्यक्ती उभी आहे, हे त्याने मान्य केले.

हे वर्ग कायमचे नसतात. अनुभवानुसार औषधे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. ऑस्ट्रेलियात कोडीनयुक्त वेदनाशामके अनेक वर्षे चिठ्ठीशिवाय मिळत होती. त्यांचे व्यसन लागण्याचे प्रमाण लक्षात आल्यावर १ फेब्रुवारी २०१८ पासून ती चिठ्ठीवर आणण्यात आली. औषधांचे वर्गीकरण विज्ञानावर आधारलेले असले तरी तो अखेर एक प्रशासकीय निर्णय असतो, हे यावरून स्पष्ट होते.

भारतातील कायद्याची वाटचाल :

ब्रिटिश काळात भारतात परदेशी औषधांची मोठी आयात होत असे आणि त्यांत भेसळीचे प्रमाणही मोठे होते. विशेषतः हिवतापावरील क्विनीनमधील भेसळ हा चिंतेचा विषय झाला होता. या पार्श्वभूमीवर १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि देशभर एकसूत्री कायदा करावा, तसेच औषधविक्रीच्या व्यवसायाची नोंदणी व्हावी, अशी शिफारस केली. त्यातून १९४० चा औषधे अधिनियम आणि १९४५ चे नियम अस्तित्वात आले. पुढे सौंदर्यप्रसाधनांचा समावेश होऊन त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम असे नाव मिळाले. औषध देणाऱ्या व्यक्तीच्या शिक्षणाचा व नोंदणीचा प्रश्न १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने हाताळला. आक्षेपार्ह जाहिरातींसाठी १९५४ चा आणि अमली पदार्थांसाठी १९८५ चा असे स्वतंत्र कायदे झाले.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात 'औषधे व विषे' हा विषय समवर्ती सूचीत आहे, तर 'सार्वजनिक आरोग्य' राज्य सूचीत आहे. या विभागणीचे प्रतिबिंब व्यवस्थेतही पडलेले दिसते. नव्या औषधास मान्यता देणे व आयातीवर नियंत्रण ठेवणे हे काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना करते. विक्रीचे परवाने देणे, दुकाने तपासणे व नमुने घेणे हे काम राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात ते अन्न व औषध प्रशासन पाहते. किमतींवरील नियंत्रण १९९७ पासून राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाकडे आहे. कायदा एक, परंतु हात अनेक, असे या रचनेचे स्वरूप होय.

अनुसूचींची भाषा :

सामान्य वाचकाला या कायद्याची ओळख होते ती औषधाच्या वेष्टनावरील इंग्रजी अक्षरांतून. ही अक्षरे म्हणजे नियमांना जोडलेल्या अनुसूचींची नावे होत. विक्रीच्या दृष्टीने त्यांपैकी पाच महत्त्वाच्या आहेत.

अनुसूची 'एच' : चिठ्ठीवरील औषधांची ही मुख्य यादी. तीत पाचशेहून अधिक औषधे आहेत. वेष्टनाच्या डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' हे चिन्ह आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या चिठ्ठीवरच विक्री करावी, असा इशारा छापणे बंधनकारक आहे.

अनुसूची 'एच-१' : ही यादी ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून अंमलात आली. प्रारंभी तीत ४६ औषधे होती. वरच्या पिढीतील प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे यांचा तीत समावेश आहे. या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवावयाची असते. तीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहावे लागते. ही नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. वेष्टनावर 'आरएक्स' हे चिन्ह लाल रंगात असते आणि इशारा लाल चौकटीत असतो.

अनुसूची 'एक्स' : मनावर परिणाम करणारी व गैरवापराचा मोठा धोका असलेली मोजकी औषधे यात येतात. त्यांच्यासाठी वेगळा परवाना लागतो. ती कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांपैकी एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते.

अनुसूची 'जी' : यातील औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर असतो.

अनुसूची 'के' : ही सवलतींची यादी होय. एक हजारापर्यंत लोकसंख्या असलेल्या खेड्यांत पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आम्लपित्तावरील औषधे, वेदनाशामक बाम यांसारखी घरगुती औषधे काही अटींवर परवान्याशिवाय विकता येतात. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना स्वतः औषध देण्याची मुभाही याच अनुसूचीत आहे. मात्र त्यांना औषधांचे खुले दुकान चालविता येत नाही.

येथे एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे, म्हणजे ज्यांना व्यवहारात 'ओटीसी' म्हणतात, त्यांची स्वतंत्र व्याख्या या अधिनियमात नाही. जे कोणत्याही प्रतिबंधित यादीत नाही ते खुले, अशी ही नकारात्मक व्याख्या आहे. ब्रिटनमधील मधला वर्ग आपल्याकडे नाही. परिणामी फार्मासिस्टचा सल्ला ही कायद्याच्या दृष्टीने पायरीच राहत नाही.

दुकानाच्या फळीवरील कायदा :

दुकान सुरू करावयाचे तर किमान दहा चौरस मीटर जागा, औषधे योग्य तापमानात ठेवण्याची सोय आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट यांची आवश्यकता असते. परवाने निरनिराळ्या नमुन्यांत दिले जातात. सर्वसाधारण औषधांसाठी नमुना २०, लशी व इंजेक्शने यांसारख्या जैविक औषधांसाठी नमुना २१ आणि अनुसूची 'एक्स'साठी नमुना २०-एफ. दुकानाच्या पाटीवरील शब्दही मनाला येईल तसा लिहिता येत नाही. ज्यास फार्मासिस्टची गरज नाही असा मर्यादित परवानाधारक 'ड्रगस्टोअर' लिहू शकतो. फार्मासिस्ट असलेला परंतु औषध तयार करून न देणारा 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' असे लिहितो. औषधे मिसळून देण्याची सोय असलेल्यानेच 'फार्मसी' हा शब्द वापरावयाचा असतो. रस्त्यावरील पाट्या या दृष्टीने एकदा वाचून पाहाव्यात.

या व्यवस्थेचा गाभा नियम ६५ मध्ये आहे. त्यानुसार चिठ्ठीवरील औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. चिठ्ठी म्हणजे काय, हेही नियमात सांगितले आहे. ती लेखी असावी, तीवर डॉक्टरांची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा नमूद असावी. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिल्याखेरीज एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावयाचे असते आणि दिल्यावर दुकानाचे नाव व तारीख चिठ्ठीवर नोंदवावयाची असते. वर्षानुवर्षे पाकिटात घडी करून ठेवलेली तीच चिठ्ठी पुनःपुन्हा दाखविणे म्हणूनच नियमात बसत नाही.

याच नियमात आणखी एक तरतूद आहे. चिठ्ठीत लिहिलेल्या अनुसूची 'एच' वा 'एक्स'मधील औषधाऐवजी दुसरे औषध, ते त्याच घटकाचे असले तरी, दुकानदाराला देता येत नाही. या बंधनामुळे दुकानदाराला अधिक नफ्याचे औषध रुग्णाच्या गळी उतरविता येत नाही, हा तिचा लाभ होय. परंतु २००८ मध्ये जनौषधी योजना सुरू झाल्यानंतर तिची दुसरी बाजू पुढे आली. डॉक्टरांनी कंपनीच्या नावाने महाग औषध लिहिले असेल, तर त्याच घटकाचे स्वस्त औषध समोर असूनही फार्मासिस्टला ते नियमाने देता येत नाही. रुग्णाच्या रक्षणासाठी केलेली तरतूद अशा वेळी त्याच्याच खिशाला जड होते.

चिठ्ठी कोणाची?

'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' ही संज्ञा ऐकावयास सोपी, परंतु व्यवहारात वादग्रस्त आहे. नियम २ (ईई) नुसार राज्य शासनाला काही व्यावसायिकांना या अधिनियमापुरते वैद्यकीय व्यवसायी म्हणून घोषित करता येते. अनेक राज्यांत आयुर्वेद पदवीधर आधुनिक औषधे लिहितात, त्याचा आधार अशाच तरतुदींत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, राज्याच्या कायद्याने अधिकार दिला असेल तेथेच अशा पदवीधरांना आधुनिक औषधे लिहिता येतील, असे स्पष्ट केले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, औषधशास्त्राचा विहित अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांनाही मर्यादित स्वरूपात ही वाट खुली केली. त्यावरील वाद २०२५ मध्येही चालू होता.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. अपुऱ्या प्रशिक्षणाने लिहिलेली चिठ्ठी धोकादायक ठरू शकते. परंतु ज्या गावात एमबीबीएस डॉक्टर पोहोचलेलाच नाही, तेथे चिठ्ठी लिहिणार तरी कोण, हा प्रश्नही टाळता येत नाही. चिठ्ठीचे बंधन हे चिठ्ठी मिळण्याच्या शक्यतेवर अवलंबून असते.

प्रतिजैविके : कायद्यामागील तातडी :

अनुसूची 'एच' असताना 'एच-१' का लागली, याचे उत्तर प्रतिजैविकांच्या प्रश्नात आहे. जिवाणूंवर प्रतिजैविकांचा मारा जितका अधिक व अर्धवट, तितके त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढत जातात. म्हणजे एका रुग्णाने अनावश्यक घेतलेल्या गोळ्यांची किंमत दुसऱ्या, कदाचित अद्याप न जन्मलेल्या रुग्णाला मोजावी लागते. इतर औषधांचा गैरवापर घेणाऱ्याचे नुकसान करतो. प्रतिजैविकांचा गैरवापर मात्र सार्वजनिक संपत्तीची नासाडी करतो. म्हणून येथे केवळ ग्राहकसंरक्षणाचा युक्तिवाद अपुरा पडतो.

२०१० मध्ये 'एनडीएम-१' या विकराच्या नावात नवी दिल्लीचा उल्लेख आल्याने देशात खळबळ उडाली. नावावरून वाद झाला, पण त्यामुळे प्रश्न चर्चेत आला. २०११ मध्ये राष्ट्रीय धोरण तयार झाले. २०१२ मध्ये वैद्यकीय संघटनांच्या पुढाकाराने 'चेन्नई जाहीरनामा' प्रसिद्ध झाला. परिपूर्ण परंतु अंमलात न येणाऱ्या धोरणापेक्षा व्यवहार्य धोरण बरे, अशी त्याची भूमिका होती. सर्व प्रतिजैविकांवर एकदम कडक बंधन घातले तर डॉक्टर नसलेल्या भागात न्यूमोनियासारख्या आजाराने मुले औषधाविना दगावतील. म्हणून आधी शेवटचा उपाय ठरणारी प्रतिजैविके सांभाळावीत, असा त्यामागील विचार होता. 'एच-१'ची रचना याच विचाराशी सुसंगत आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत तर नोंदवहीचा आणखी एक उपयोग झाला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोगाच्या औषधांची विक्री करणाऱ्या दुकानदारांवरही रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळविण्याची जबाबदारी टाकली. ज्या नोंदवहीकडे दुकानदार निव्वळ कटकट म्हणून पाहतो, तीच उपचार अर्धवट सोडलेल्या रुग्णापर्यंत पोहोचण्याचा धागा ठरू शकते.

अंमलबजावणीचे वास्तव :

नियमांनुसार औषध निरीक्षकाने आपल्या क्षेत्रातील प्रत्येक विक्री परवानाधारकाची वर्षातून किमान एकदा तपासणी करावयाची असते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये दर दोनशे विक्रीकेंद्रांमागे एक आणि दर पन्नास उत्पादन केंद्रांमागे एक निरीक्षक असावा, अशी शिफारस केली होती. निरीक्षकांच्या रिक्त पदांची चर्चा त्यानंतरही दर दुर्घटनेच्या वेळी नव्याने होत आली आहे. तपासणी करणारा वर्षातून एकदा येणार आणि गिऱ्हाईक दिवसभर येणार, अशा स्थितीत नियमपालन हे पुष्कळसे दुकानदाराच्या विवेकावर सोडलेले असते.

फार्मासिस्टचा प्रश्न याहून नाजूक आहे. काही ठिकाणी परवाना ज्याच्या नावाच्या आधारावर मिळतो तो फार्मासिस्ट दुकानात नसतोच. भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र तेवढे टांगलेले असते. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टची उपस्थिती व बिले यांबाबत कडक मोहीम हाती घेतली, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. विक्रेत्यांचेही काही म्हणणे होते. सकाळपासून रात्रीपर्यंत उघड्या दुकानासाठी एक फार्मासिस्ट पुरत नाही, दोन परवडत नाहीत, आणि चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. यातील शेवटचे कारण विचारात घेण्यासारखे आहे. सर्वांनी एकाच वेळी नियम पाळला तरच कोणाचे नुकसान होत नाही. एकट्याने पाळला तर प्रामाणिकपणाचा दंड भरावा लागतो. म्हणूनच अंमलबजावणी तुरळक नव्हे, तर सातत्यपूर्ण असावी लागते. केरळने जानेवारी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांविरुद्ध राज्यव्यापी मोहीम सुरू केली. तीत लोकांकडून तक्रारीही मागविल्या. तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा प्रयोग आहे.

ऑनलाइन विक्रीने यात नवी भर घातली. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये ई-फार्मसीसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याविरुद्ध २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभरातील औषध विक्रेत्यांनी बंद पाळला. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना चालणाऱ्या ऑनलाइन विक्रीला मनाई केली. मसुद्याला मात्र पुढील अनेक वर्षे अंतिम रूप मिळाले नाही. दरम्यान मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा मिळाली. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच सुमारास आली. अनुसूची 'एक्स'मधील व अमली वर्गातील औषधे दूरध्वनीवरील वा दृक्‌श्राव्य सल्ल्याने लिहिता येणार नाहीत, असे त्यांत नमूद आहे. तंत्रज्ञान पुढे आणि नियम मागे, हा अनुभव येथेही आला.

नियमनाचा अतिरेक :

आतापर्यंतच्या विवेचनावरून अधिक कडक नियम म्हणजे अधिक सुरक्षितता, असा समज होण्याची शक्यता आहे. तो दुरुस्त करणारी दोन उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण मॉर्फिनचे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील असह्य वेदनांवर ते अत्यंत परिणामकारक व स्वस्त औषध होय. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत आणि शिक्षेची भीती इतकी वाढली, की रुग्णालये व दुकाने ते ठेवीनाशी झाली. गैरवापर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने असंख्य रुग्णांना वेदनेत ठेवले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'अत्यावश्यक अमली औषधे' असा वर्ग निर्माण झाला, तोपर्यंत जवळजवळ तीन दशके उलटली होती.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध २०११-१२ नंतर कारवाई तीव्र झाली, तेव्हा गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवरही करडी नजर ठेवण्यात आली. वस्तुतः या गोळ्या गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत वापरावयाच्या असतात. त्या काळात सोनोग्राफीने लिंग समजत नाही. परंतु चौकशीच्या भीतीने अनेक दुकानांनी या गोळ्या ठेवणेच बंद केले, असे या क्षेत्रातील अभ्यासकांनी नोंदविले आहे. वैध चिठ्ठी हाती असूनही औषध न मिळणे, हेही नियमनाचे अपयशच होय.

याउलट केवळ चिठ्ठीच्या बंधनाने सर्व साधते असेही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्या. बख्तावर लेंटिन आयोगाने त्याची चौकशी करून खरेदी व्यवस्थेपासून औषध प्रशासनापर्यंतच्या दोषांवर बोट ठेवले. जवळजवळ चार दशकांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. १९३७, १९८६, २०२५ : विष तेच आहे. यांपैकी जे. जे.मधील औषध तर रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले गेले होते. चिठ्ठी बरोबर असली तरी बाटलीत काय आहे हे तपासणारी यंत्रणा जागी नसेल, तर विक्रीचे सर्व नियम पोकळ ठरतात.

निष्कर्ष :

१) औषधविक्रीचे नियमन वस्तू, विक्रेता, विक्रीची रीत आणि नोंद या चार पायांवर उभे आहे. आपल्या कायद्यात चारही पाय आहेत. परंतु नोंद आणि तपासणी हे दोन दुबळे आहेत.

२) 'चिठ्ठीशिवायची औषधे' या वर्गाची स्पष्ट कायदेशीर व्याख्या आणि फार्मासिस्टच्या सल्ल्याने मिळणाऱ्या औषधांचा मधला वर्ग यांची भारतात आवश्यकता आहे.

३) त्याच घटकाचे स्वस्त औषध देण्याबाबत फार्मासिस्टला मर्यादित अधिकार देण्याचा विचार, गुणवत्तेच्या हमीसह, व्हावयास हवा.

४) नियमन जेथे डॉक्टरांच्या उपलब्धतेचा विचार करीत नाही, तेथे ते एकतर मोडले जाते किंवा गरजूंना औषधापासून दूर ठेवते.

५) औषधाबाबत शंका आल्यास ते शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम २६ ने, विहित शुल्क भरून, खरेदीदाराला व मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांना दिला आहे. तो वापरावयाचा तर खरेदीचा पुरावा हवा, म्हणजे बिल हवे. या अधिकाराचा प्रसार होणे आवश्यक आहे.

समारोप :

कायद्याचे पालन केवळ शासन करवून घेत नाही, समाजही करवून घेतो. आपण प्राध्यापक मंडळी सुशिक्षित म्हणविणाऱ्या वर्गात मोडतो. मागील वेळी लागू पडलेली गोळी पुन्हा आणविणारे, पाच दिवसांचे प्रतिजैविक दोन दिवसांत थांबविणारे आणि 'बिल राहू द्या' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता, हे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, पर्यावरण वा नागरिकशास्त्राच्या तासाला, औषधाच्या वेष्टनावरील लाल रेघ, 'आरएक्स' हे चिन्ह आणि मुदतीची तारीख कशी वाचावी, एवढे जरी विद्यार्थ्यांना शिकविता आले, तरी तो मोठा आरंभ ठरेल. त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांची औषधे आणण्याचे काम त्यांच्याकडेच असते. दुकानाच्या फळीसमोर उभा राहून चिठ्ठी पुढे करणारा आणि बिल मागणारा तो मुलगा किंवा ती मुलगी, वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकापेक्षा या कायद्याला अधिक बळ देऊ शकेल.